स्टेशनवरची बिनपायरीची वाट

(नाशिक येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, त्यामुळे आज मी नोकऱ्यांवर किंवा एआयवर बोलेन असे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटले असेल. मी बोलणार आहे रेल्वे स्टेशनवरच्या जिन्यावर. संयोजकांना विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "भाई, हा काय आपला विषय?" त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायला मी उभा आहे.

पुढच्या जुम्म्याला मशिदीत गेलात की एक करा. सफेच्या कडेला किती खुर्च्या मांडल्या आहेत, त्या मोजा. आपण लहान असताना किती होत्या, हे घरच्या मोठ्यांना विचारा. गुडघे, कंबर, मधुमेहाने बधिर झालेले पाय, पक्षाघातानंतर ओढत टाकावे लागणारे पाऊल. या खुर्च्यांवर बसणारे आपले अब्बा, चाचा, मामू आहेत. आणि त्यांच्याच वयाच्या, त्याच दुखण्याच्या अम्मी, खाला, फूफी घरात आहेत. त्या तर मोजणीतही येत नाहीत, कारण त्या बाहेरच पडत नाहीत.

यातल्या बहुतेकांकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यात या खुर्चीवरच्या माणसांपैकी किती जण असतील? शिवाय सात महिन्यांची गरोदर बाई आहे, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात बॅग धरलेली आई आहे, प्लास्टर घातलेला कॉलेजचा पोरगा आहे. म्हणून मी 'दिव्यांगांची सोय' असे न म्हणता 'बिनपायरीची वाट' म्हणतो. रिक्षातून उतरल्यापासून डब्यातल्या जागेवर बसेपर्यंत एकही पायरी चढावी लागू नये, अशी वाट.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघू. नाशिकचे मोठे स्टेशन नाशिक रोडला, जुन्या नाशकापासून आठ-नऊ किलोमीटरवर. मालेगावच्या माणसाला रेल्वे पकडायची तर मनमाड गाठावे लागते. मुंबईला दवाखान्यात दाखवायचे असो, कोर्टाचे काम असो, अजमेरला जायचे असो, की हजला निघताना सीएसएमटीजवळच्या हज हाऊसला जायचे असो, आपल्या घरातली म्हातारी माणसे रेल्वेनेच जातात. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून मनमाड आणि मुंबईच्या दरम्यान धावते. ती ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना फलाटावर काय काय करावे लागते याचा विचारही करावा लागत नाही. पाय चालतात तोवर जिना दिसत नाही.

जिना म्हणजे नेमका किती, ते हिशोबाने पाहू. आपल्याकडच्या मार्गावर विजेच्या तारा आहेत. त्या तारांच्या वरून पादचारी पूल न्यायचा, म्हणजे तो रुळापासून सुमारे साडेसहा मीटर उंच हवा. फलाटाची उंची वजा केली तरी साधारण सहा मीटर चढायचे उरतात. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर ४० पायऱ्या वर आणि ४० खाली. दोन मजली घर चढून उतरण्याइतके हे आहे, तेही सामान घेऊन आणि गर्दीत.

याला पर्याय दोन. एक, उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प. त्याचे जगभर चालणारे माप आहे १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा मीटर चढायला ७२ मीटर लांब रॅम्प लागतो, मधे विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्या. जागा वाचवण्यासाठी रॅम्प आखूड आणि चढा केला की तो दिसायला रॅम्प राहतो, पण त्यावर चाकाची खुर्ची एकट्याने चढवता येत नाही आणि उतरताना ती आवरत नाही. दुसरा पर्याय लिफ्ट. लिफ्टला जागा कमी लागते, पण तिला वीज लागते, देखभाल लागते, आणि ती बंद पडली की समोर पुन्हा त्याच ४० पायऱ्या.

सरकता जिना हा मी पर्याय धरत नाही. तो निरोगी पायांचा आराम आहे. वॉकर घेतलेली बाई किंवा चाकाची खुर्ची त्यावर चढवणे धोक्याचे आहे. तरी एखाद्या स्टेशनवर सरकता जिना बसला की 'दिव्यांग व ज्येष्ठांसाठी सुविधा' म्हणून त्याची फीत कापली जाते.

माझ्या खालाचा अनुभव सांगतो. स्टेशनचे नाव घेत नाही, कारण हे कुठेही होऊ शकते. खालाला वॉकर लागतो. गाडी तीन नंबरवर येणार, लिफ्ट आहे, सगळे आधी विचारून ठेवले होते. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली, 'लिफ्ट बंद आहे' असा कागद चिकटवलेला. दुरुस्त कधी होणार, तोवर काय करायचे, कोणाला विचारायचे, त्या कागदावर काहीच नव्हते. शेवटी एका हमालाने चाकाची खुर्ची आणली आणि फलाटाच्या टोकाला पार्सलच्या गाड्या नेतात त्या वाटेने, रुळ ओलांडून, तिला पलीकडे नेले. डब्याशी आल्यावर दोघांनी बगलेत हात घालून तिला उचलून वर चढवले. दोघेही भले माणूस होते. खाला डब्यात बसल्यावर पाणीही प्यायली नाही. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "पुन्हा मला नेऊ नका." तिला गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा परक्या पुरुषांनी भर फलाटावर उचलणे जास्त लागले होते.

आपल्या घरांतल्या किती बाया याच कारणाने प्रवास सोडतात, याचा आकडा कुठे नाही. 'त्यांना आवडत नाही बाहेर जायला' असे आपण म्हणून टाकतो.

तुम्ही म्हणाल, लिफ्ट दुरुस्त केली की झाले. नाही होत. लिफ्ट चालली तरी खालाला उचलावेच लागले असते. कारण फलाट आणि डबा यांची उंची जुळत नाही. आपल्याकडचा 'उंच फलाट' रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. डब्याची जमीन मात्र १२०० ते १३०० मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे चांगल्यात चांगल्या फलाटावरही सुमारे दीड फूट अंतर उरते आणि ते दोन-तीन अरुंद लोखंडी पायऱ्यांनी चढायचे. ४५५ मिलिमीटरच्या मध्यम उंचीच्या फलाटावर तेच अंतर अडीच फुटांच्या पुढे जाते. वंदे भारत नाशिक रोडला थांबते. तिच्या दाराशी आपोआप बाहेर येणारी पायरी आहे, टोकाच्या डब्यांत चाकाच्या खुर्चीला जागा आहे. आडवी फट त्या पायरीने भरते, पण चढ राहतोच.

त्यात आणखी एक गोष्ट. साध्या गाड्यांत दिव्यांगांसाठीची जागा असते ती बहुधा गाडीच्या टोकाच्या डब्यात. दार रुंद, आतले शौचालय मोठे, सगळे ठीक. पण २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. पूल आणि लिफ्ट कुठे तरी मधे, आणि ज्याला चालता येत नाही त्याचा डबा सगळ्यांत शेवटी. गाडीचा थांबा काही मिनिटांचा. डबा पुढे येणार की मागे, हे आयत्या वेळी कळले तर काय धावपळ होते, ते ज्याने खुर्ची ढकलली आहे त्यालाच विचारा.

सवलत मात्र आहे, आणि ती चांगली आहे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला दुसऱ्या वर्गात, स्लीपरमध्ये, थ्री एसीत ७५ टक्के सूट मिळते. (ज्येष्ठ नागरिकांची सूट मार्च २०२० मध्ये थांबली.) तिकीट पाव किमतीत द्यायचे आणि डब्यात चढायची वाट द्यायची नाही, याला काय म्हणायचे?

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे एखादी यंत्रणा सात टप्प्यांची असेल आणि प्रत्येक टप्पा पार पडल्याशिवाय पुढचा सुरू होत नसेल, तर सहा टप्पे उत्तम चालून उपयोग नसतो. सातवा अडला की निकाल शून्य. स्टेशन तसेच आहे. रिक्षा थांबते तिथून दारापर्यंत. तिकीट खिडकी. पहिल्या फलाटाचा प्रवेश. पलीकडच्या फलाटाला नेणारी लिफ्ट किंवा रॅम्प. फलाटावरून डब्यापर्यंतची वाट. डब्यात चढणे. आतली जागा आणि शौचालय. झाल्या सात कड्या. समजा प्रत्येक कडी दहापैकी नऊ वेळा नीट चालते. ऐकायला चांगले वाटते, नव्वद टक्के. पण सातही एकाच वेळी चालण्याची शक्यता येते ४८ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि उतरायच्या स्टेशनवर याच सात कड्या पुन्हा आहेत. दोन्हीकडचे मिळून २३ टक्के. चारपैकी एक प्रवास जेमतेम धड होणार. असा हिशोब मनाशी केलेला माणूस घरीच बसतो, आणि मग अधिकारी म्हणतात, "लिफ्ट लावली, पण चाकाची खुर्चीवाले येतच नाहीत."

म्हणून माझे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. सुविधांची यादी मोजू नका, प्रवास मोजा. लिफ्ट आहे का, रॅम्प आहे का, असे सुटे विचारले की सुटी 'होय' मिळतात. चालता न येणारी एक बाई तुमच्या स्टेशनात एकटी आली, तर कोणी न उचलता गाडीत बसेल का? हा एकच प्रश्न विचारा.

कायदा याच प्रश्नाच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम ४१ वाहतुकीबद्दल आहे, त्यात रेल्वे स्थानके आलीच. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या, असे कलम ४५ सांगते. नियम निघाले जून २०१७ मध्ये. ती पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपली. वाढीव मुदत देण्याची सोय कायद्यात आहे, पण ती ठिकाण पाहून, कारण पाहून द्यायची आहे, सरसकट नाही.

राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१७ मध्ये तिच्यावर सविस्तर निकाल आला. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आणखी महत्त्वाचे सांगितले. सुगमतेची मानके 'मार्गदर्शक' म्हणून ठेवणारा नियम १५ कायद्याशी विसंगत आहे, किमान मानके सक्तीची करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला आणि त्यासाठी तीन महिने दिले. यातला फरक समजून घ्या. 'रॅम्प असावा' आणि 'रॅम्प असलाच पाहिजे' या दोन वाक्यांत एकोणीस वर्षांची लढाई आहे.

आणि आता त्या प्रश्नाकडे येतो, हा आपला विषय आहे का?

जावेद आबिदी हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? अलीगढला १९६५ मध्ये जन्मलेला मुलगा. जन्मापासून पाठीच्या कण्याचा आजार, पुढे चाकाची खुर्ची. अमेरिकेत पत्रकारिता शिकून परत आला. १९९५ च्या डिसेंबरमध्ये देशभरातल्या दिव्यांग कार्यकर्त्यांना घेऊन दिल्लीत आंदोलन केले, आणि त्याच अधिवेशनात भारताचा पहिला अपंग व्यक्ती कायदा मंजूर झाला. विमानात चढता येईना म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९८ मध्ये निकाल मिळवला. २००१ च्या जनगणनेत अपंगांची नोंद व्हावी म्हणून झगडले. त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले. त्यांना कुतुबमिनार पाहायचा होता, आणि चाकाची खुर्ची नेण्याची वाट नव्हती. आबिदींनी आणि त्यांच्या साथीदारांनी आवाज उठवला, तेव्हा पुरातत्त्व खात्याने घाईघाईने लाकडी रॅम्प टाकले. इतकी वर्षे 'वास्तूला धक्का लागेल' म्हणून जे होत नव्हते ते पाहुण्यासाठी काही दिवसांत झाले. मार्च २०१८ मध्ये आबिदी गेले.

आपल्या समाजाच्या नायकांच्या यादीत आपण त्यांना फारसे घेत नाही. कदाचित त्यांनी 'मुस्लिम प्रश्न' हाती घेतला नाही म्हणून. पण त्यांच्या कामाचा फायदा आज प्रत्येक जातीधर्माच्या माणसाला होतो. मला वाटते, एका मुसलमान नागरिकाने देशाला दिलेली ही देणगी आपण अभिमानाने सांगितली पाहिजे आणि तिच्यात भर घातली पाहिजे.

एक अवघड गोष्ट बोलतो. आपल्याकडे खिदमत फार आहे. पूर येवो, कोविड येवो, आपली पोरे रात्रीचा दिवस करतात. स्टेशनवर म्हातारा माणूस दिसला तर त्याची बॅग उचलायला दहा हात पुढे येतील. ते राहू द्या, ते सुंदर आहे. पण खिदमत करणारा तिथे हजर असेल तेव्हाच खिदमत होते. रात्री अडीचच्या गाडीला कोण असतो? आणि मदत घेणाऱ्याला प्रत्येक वेळी कोणाचे तरी तोंड बघावे लागते. रॅम्प कोणावर उपकार करत नाही. रॅम्पला दुवाही द्यावी लागत नाही. खालाला दोन भल्या माणसांची मदत मिळाली होती, तरी तिने प्रवास सोडला. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हे केवळ चालता न येणाऱ्यांचे प्रकरण आहे असेही समजू नका. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसे गेली. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर प्रयागराजच्या कुंभाला निघालेल्या गर्दीत १८ जण गेले, तेही जिन्यावर. अरुंद जिना धडधाकट माणसालाही मारतो. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला एक १६ वर्षांची मुलगी लोकल आणि फलाट यांच्यातल्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्या मुलीला चालता येत होते. त्यानंतर उच्च न्यायालयाने प्रश्न विचारले, आणि मुंबईच्या उपनगरी स्टेशनांचे फलाट ९०० मिलिमीटरपर्यंत उंच करण्याच्या कामाला वेग आला. म्हणजे मनावर घेतले तर होते. दिल्ली मेट्रो २००२ मध्ये सुरू झाली, पुण्याची २०२२ मध्ये. दोन्हीकडे फलाट आणि डबा सपाटीला आहेत. जपानच्या शिंकान्सेनचा फलाट १२५० मिलिमीटर उंच आहे, डब्याच्या जमिनीबरोबर. आमच्या मेन लाईनवर सगळे फलाट उद्या तसे होणार नाहीत, मालगाड्याही तिथूनच जातात, हे मला कळते. पण तोवर प्रत्येक मोठ्या स्टेशनवर खुर्चीसकट माणसाला डब्याच्या उंचीपर्यंत उचलणारी, हाताने चालवायची छोटी लिफ्ट ठेवता येते. चाकांवर फिरते, वीज लागत नाही. नुसता घडीचा रॅम्प म्हणाल तर दीड फुटाच्या चढाला १ ला १२ च्या मापाने अठरा फूट लांबी लागेल. म्हणून मागणी करताना 'रॅम्प द्या' एवढेच लिहू नका, माप लिहा.

आणि वेळ आत्ताच आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने सुरू होणार, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नाने. नाशिक रोड, देवळाली, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे या स्टेशनांवर त्यासाठी कामे करण्याची योजना आहे. देवळाली आणि लासलगावची स्टेशने अमृत भारत योजनेत नव्याने सजली, २२ मे २०२५ रोजी देशातल्या १०३ स्टेशनांबरोबर त्यांचे उद्घाटन झाले. काँक्रीट ओले असताना दोन इंच बदलणे सोपे असते. एकदा वाळले की पुढची वीस वर्षे तेच. सिंहस्थाला येणाऱ्या यात्रेकरूंत म्हातारी माणसे किती असतील, विचार करा. गावाकडची आजी, हातात काठी, डोक्यावर बोचके. तिच्यासाठी झालेली बिनपायरीची वाट सिंहस्थानंतर माझ्या खालालाही चालेल. ही मागणी घेऊन आपण गेलो, तर समोरच्या अधिकाऱ्याला आपण कोणासाठी आलो हे विचारावे लागणार नाही. आपण नाशिककर म्हणून आलेलो असू.

आता काम सांगतो. पाच जणांचा गट करा, त्यात दोन मुली असू द्यात आणि चालताना अडचण येणारा निदान एक जण असू द्या. तो पाहुणा नाही, तो गटाचा प्रमुख. आधी स्टेशन व्यवस्थापकांना भेटून लेखी कळवा, परवानगी घ्या. मग ठरवा, रिक्षा थांब्यापासून शेवटच्या फलाटावरच्या टोकाच्या डब्यापर्यंत बिनपायरीने जायचे. सात कड्यांचा कागद करा. प्रत्येक कडीपुढे तीन गोष्टी लिहा. पायरी कुठे आली, किती वेळ लागला, कोणाची मदत लागली.

मोजायला फार काही लागत नाही. टेप घ्या. मोबाईलमध्ये कोन मोजायचे अॅप असते. १ ला १२ चा उतार म्हणजे सुमारे ४.८ अंश. मोबाईल रॅम्पवर ठेवा, ७ अंश दाखवले तर तो १ ला ८ झाला, चाकाच्या खुर्चीला चढा. दारांची रुंदी मोजा. लिफ्ट रात्रीही चालू असते का पाहा. लिफ्टच्या दारासमोर दुचाकी किंवा पार्सलची पोती आहेत का पाहा. एकदा सकाळी, एकदा रात्री आणि एकदा पावसात जा.

लिफ्टची नोंद माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी, ऑनलाईन अर्ज होतो, उत्तराला तीस दिवस. प्रश्न असे विचारा: गेल्या बारा महिन्यांत अमुक स्टेशनची लिफ्ट कोणकोणत्या तारखांना बंद होती? दुरुस्तीला किती तास लागले? देखभालीचे कंत्राट कोणाकडे आहे आणि वेळेत दुरुस्ती न केल्यास दंड काय आहे? असा प्रश्न नुसता गेला तरी दुरुस्तीचा वेग वाढतो, हा माझा इंजिनीअर म्हणून विश्वास आहे. ज्या बिघाडाची नोंद होत नाही तो बिघाड दुरुस्त होत नाही.

अहवाल दोन पानांचा करा, फोटोंसह. एक प्रत स्टेशनला, एक भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना, एक खासदारांना. चालू अडचणीसाठी १३९ आहे, रेल मदद आहे. तिथला तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर आले नाही तर दिव्यांगजनांच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. रेल्वे केंद्राची आहे, म्हणून ते दिल्लीत. आणि तक्रार करताना ज्याच्या नावाने करतो आहोत त्याची परवानगी घ्या. चाकाच्या खुर्चीला हात लावण्यापूर्वीही विचारा. ती खुर्ची त्या माणसाच्या अंगाचाच भाग आहे.

आणखी एक. स्टेशनकडे जाण्याआधी एक फेरी आपल्या मोहल्ल्यात मारा. मशिदीच्या दाराला किती पायऱ्या आहेत? वजूखान्यात खुर्ची जाते का? शादीखाना पहिल्या मजल्यावर आहे का? आपली संघटना बैठक घेते त्या खोलीला जिना आहे का? त्याच टेपने आधी हे मोजा. रेल्वेच्या अधिकाऱ्याने उलट प्रश्न विचारला, तर आपल्याकडे उत्तर असावे म्हणून सांगतो, आणि आपली माणसेही तिथेच अडकलेली आहेत म्हणून सांगतो.

हे काम मोठे दिसत नाही. मोर्चा नाही, टीव्हीवर बातमी नाही. सहा महिन्यांनी कदाचित लिफ्टवर एक पाटी लागेल: बंद असल्यास या क्रमांकावर फोन करा. वर्षाने एक रॅम्प नीट मापाचा होईल. पण त्या रॅम्पवरून कोण कोण जाईल त्याची यादी करायला गेलात तर ती संपणार नाही.

आजचे गट जेवणानंतर पाडू. टेप मी आणली आहे.